ज्यांनी सही केली नाही

सर कागद पालथा घालायचे. तुम्ही प्रकरण लिहून नेलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं, की ते चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागत. जिथे पहिली शंका येई तिथे थांबत, कागद पालथा घालत आणि चहाचा कप पुढे ओढत. मग म्हणत, "असं नसते." एवढंच. कुठलं वाक्य, कुठला आकडा, काही सांगायचं नाही. आपण समोर उभं राहून कागदाच्या कोऱ्या पाठीकडे पाहत राहायचं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक कचेरीत एक तरी असतो. त्याच्याबद्दल लोक हमखास सांगतात की तोंडाचा फटकळ आहे, पण मनाचा चांगला. सरांच्या मनाचं मला माहीत नाही, तिथवर मी कधी पोचलेच नाही. माझ्या वाट्याला तोंडच आलं.

यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवत. नेरहून रोज एसटीनं येत आणि बस उशिरा आली तर त्याचा राग पहिल्या तासाच्या वर्गावर काढत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचा पगार आणि उन्हाळाभर घरी. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि आमच्या कॉलेजात त्या विषयाला मान्यता असलेले गाइड एकटे सरच. त्यामुळे माझ्यापुढे निवड अशी नव्हतीच.

ते शिकवत मात्र चांगलं. हे कबूल करताना अजूनही जिवावर येतं. प्रोसेसरमध्ये आकडे ठेवायला मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. सूचना एकामागून एक येतात आणि त्याच त्या जागा वापरतात, म्हणून एकमेकींसाठी खोळंबतात. सर फळ्याकडे पाठ करून सांगत, "घरी गंज एकच हाये, त्यात वरण शिजून राह्यलं. वरणाले फोडणी द्याची तं वरण शिजू द्याच लागते. ते खरं अडणं. पण दूध तापवायले वरण कायले पाह्यजे? दूध अडलं ते गंजासाठी. मंग दुसरा गंज घे ना बाप्पा." हा दुसरा गंज, म्हणजे दुसरं पातेलं, हेच रजिस्टर रिनेमिंग. बाहेर नाव तेच ठेवायचं, आत प्रत्येक निकालाला नवी जागा द्यायची, आणि कुठलं नाव सध्या कुठल्या जागेवर आहे याचा तक्ता सांभाळायचा.

एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेत येते का?"

"परीक्षेत तू तरी येतं का ते पाह्य पहिले," सर म्हणाले आणि त्याला बाहेर काढलं. वर्ग हसला. तो मुलगा दारात उभा राहून तास संपेपर्यंत ऐकत होता. सरांनी तेही पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

माझा प्रबंध या विषयाच्या पुढच्या पायरीवर होता. आतल्या या जागा महागाच्या असतात, आणि वापरून झालेली जागासुद्धा प्रोसेसर बराच वेळ अडवून ठेवतो, न जाणो परत लागली तर. माझं म्हणणं असं, की शेवटच्या सूचनेनं आकडा वाचला की जागा लवकर मोकळी करता येते. खऱ्या चिपवर असलं काही करून पाहणं आमच्या आवाक्यातलं नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या प्रोसेसरची प्रतिकृती लिहायची, तिच्यात सूचना सोडायच्या आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला कोण कोणासाठी थांबलंय ते पाहायचं. मी ती लिहिली. निकाल माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आला. बऱ्याच कमी जागांमध्ये प्रोसेसर तेवढ्याच वेगानं चालत होता.

आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि पालथा घातला.

"असं नसते."

"कुठे चुकलं, सर?"

"ते मी कायले सांगू? पीएचडी तुझी हाये का माझी?"

त्यांची शंका काय होती हे कळायलाच मला सहा महिने लागले, आणि तीही त्यांनी जिन्यात, बसच्या घाईत सांगितली. "प्रोसेसर पुढचा रस्ता अंदाजानं धरते. अंदाज चुकला तं मागं या लागते. मागं येऊन जुना आकडा मागितला, अन् तू तं त्याची जागा दुसऱ्याले देऊन बसली. मंग?"

"ते सांभाळलंय सर. आधीचे सगळे अंदाज पक्के ठरल्याशिवाय मी जागा सोडतच नाही."

"कुठी तरी सुटलं असन."

"पण कुठे?"

"शोध," असं म्हणून ते उतरून गेले.

मी शोधलं. एक दुसरी साधी प्रतिकृती लिहिली. तिच्यात घाई नाही, अंदाज नाही, एकेक सूचना सरळ क्रमानं चालणार. दोन्हींचे आकडे प्रत्येक सूचनेनंतर ताडून पाहिले. सगळे जुळले. सर म्हणाले, "तुझे प्रोग्राम लहान हायेत." मी मोठे प्रोग्राम घेतले, मशीन दिवसभर घरघरत राहायची. पुन्हा सगळं जुळलं. सर म्हणाले, "नशीब हाये." या उत्तरावर काय तपासायचं असतं, ते कोणाला ठाऊक असेल तर मला जरूर सांगावं.

माझा नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. कोणाच्या मनात काय आहे ते सांगत बसायचा त्याचा स्वभाव नाही, पण एकदा जेवताना तो म्हणाला, "त्याले चूक नाही पाह्यजे. तू रडलेली पाह्यजे." मी रडले नाही. निदान कॉलेजात तरी नाही.

मग कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली. आमच्या विभागात एकच जागा, अट पीएच.डी.ची. प्रबंध सादर झालाय एवढा कागद मुलाखतीपर्यंत दाखवता आला तरी चालण्यासारखं होतं, असं विभागप्रमुखांनी स्वतः मला बोलावून सांगितलं. म्हणजे सगळं सरांच्या एका सहीवर येऊन ठेपलं होतं. मी प्रबंध बांधून घेतला, सरांच्या टेबलावर ठेवला आणि जे कधी बोलले नव्हते ते बोलले. सर, मी तुमची एवढी वर्षं विद्यार्थिनी आहे, ही जागा गेली तर परत निघेल याचा भरवसा नाही.

त्यांनी प्रबंध उघडलासुद्धा नाही. "जागेसाठी सही पाह्यजे का तुले? मंग ज्याच्यापाशी जागा हाये त्याले माग. मी चुकीच्या कामावर सही नाही करत."

"चूक दाखवा, सर."

"सापडली का दाखवीन."

जागा अमरावतीच्या एका मुलाला मिळाली. मुलगा चांगला आहे, कामसू आहे, आजही माझ्या समोरच्याच टेबलावर बसतो. त्याचा यात काडीचा दोष नाही. तरी मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. सरांचा मात्र मी तेव्हा मनापासून द्वेष करू लागले. त्यांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की मी दुसऱ्या जिन्यानं उतरून जाई.

पुढे सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ झालं, आणि त्यांची एकमेव संशोधक विद्यार्थिनी म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "सरांकडून मी थांबायला शिकले." टाळ्या पडल्या. कोणी तरी मागून "वा" म्हणालं. सरांना अर्थ बरोबर कळला असणार, कारण त्यांनी माझ्याकडे न पाहता हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

विद्यापीठानं मला दुसरे गाइड दिले. त्यांनी पहिलं पान उघडलं, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का पाहिलं आणि फोनवर बोलता बोलता सही केली. ज्या सहीसाठी मी उंबरठे झिजवले, ती अशी तूर डाळीचा भाव विचारता विचारता झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला थोडी शरमच वाटली.

पीएच.डी.ची शेवटची मौखिक परीक्षा खुली असते हे तुम्हाला ठाऊक असेल. नोटीस लागते, कोणीही येऊन बसू शकतं, कोणीही प्रश्न विचारू शकतं. सहसा कोणी येत नाही. विभागातले लोक पेढ्यांसाठी येतात. मी बोलायला उभी राहिले आणि पाहिलं तर शेवटच्या रांगेत सर. पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. एवढं करून यांचं समाधान झालं नाही, आता इथे सगळ्यांसमोर पालथं घालायला आले, असं मला वाटलं. पुढचं मी कसं बोलले ते आठवत नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन सोपे प्रश्न विचारले. मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही? सर उभे राहिले.

"मी हिचा गाइड होतो. सही नाही केली. चूक हाये असं म्हणत होतो," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर घरी बसून हा सगळा प्रोग्राम मी माझ्या हातानं परत लेहला. हिचं एक अक्षर न पाह्यता. चूक काढाची होती मले. एक दिवस सापडली, मी खूश झालतो. मंग नीट पाह्यलं तं ते माझीच होती." कोणी तरी हसलं. सर हसले नाहीत. "तेच आकडे येतात. हिचं बरोबर हाये. मी उगीच अडवलं. डिग्री द्या हिले."

आणि ते खाली बसले. माफी नाही, एक गोड शब्द नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. परीक्षक कौतुकानं मान हलवत होते, हे किती मोठं मन, असं एक जण शेजारच्याला म्हणाले. मला मात्र आनंद झाला नाही. माझी जागा गेली होती. ती त्या वाक्यानं परत येणार नव्हती.

पेढे वाटून झाले, फोटो झाले, लोक पांगले. सर माझ्याजवळ आले. माझ्या हातातली प्रत त्यांनी मागून घेतली, उभ्या उभ्या चाळली आणि गाइडच्या प्रमाणपत्राचं पान काढलं. तिथे गाइड म्हणून दुसऱ्यांची सही होती. तिच्याखाली बोट ठेवून म्हणाले, "इथं जागा हाये. सही करू का?"

मी पानावरच्या त्या सहीकडे पाहिलं.

"विद्यापीठात चालत नाही, ते मालूम हाये मले. तुझ्या घरच्या प्रतीवर."

त्यांच्या हातात पेन उघडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सर माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"नको, सर," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि प्रत माझ्या हातात दिली. "बरं," म्हणाले. "नेरची गाडी भेटन आता." कापडी पिशवी सावरत ते जिना उतरले. मी खिडकीत गेले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कॉलेजात कळलं. दोन मिनिटं उभं राहून आम्ही सगळे आपापल्या तासाला गेलो. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. राग गेला असं म्हणणार नाही. गेला असता तर हे लिहिलं नसतं. तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा नको म्हणेन, असंच मला वाटतं.

पण कपाटातली ती प्रत कधी हाताला लागली की मी ते पान काढून पाहते. त्याच्यावर तीन सह्या आहेत, नव्या गाइडची, विभागप्रमुखांची आणि प्राचार्यांची. त्या तिघांपैकी कोणी तो प्रबंध वाचला असेल असं मला वाटत नाही. ज्यांनी त्यातलं काम स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहिलं, त्यांना मी नको म्हटलं.