वीस मोजणारा मेहुणा

समोरच्याला बोलतं करण्यात माझ्या मेहुण्याचा हात धरणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिलेला नाही, आणि त्यासाठी तो स्वतः मात्र काहीच बोलत नसे. बायकोचा हा धाकटा भाऊ, मुक्काम केनवड. आपण एखादं वाक्य संपवलं की तो आपल्याकडे बघत गप्प बसे आणि मनात वीसपर्यंत मोजे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, "मानूस पहिले तयार असलेलं बोलते, भाऊजी. खरं विसानंतर निंगते." मला तो आकडा पटला नाही. मी घड्याळ पुढे ठेवून सहा जणांवर तपासला. चौघे बाराच्या आतच बोलले. हे सांगितल्यावर त्याने ते मनापासून वहीत टिपून घेतलं.

एकदा आम्ही दोघे आहेराचं लुगडं घ्यायला शेलूबाजारला गेलो. दुकानदाराने अठरा रुपये सांगितले. मेहुणा गप्प. दुकानदार सतरावर आला, मग साडेसोळावर. मी खूष होऊन पाकीट काढलं, तोवर तो बिचारा गादीला टेकून, थोरला मुलगा दोन वर्षांपासून घरी पत्र पाठवत नाही, हे सांगू लागला होता. तासाभराने आम्ही उठलो ते लुगड्याशिवाय. अशा माणसापाशी भाव कसा करायचा, असं मेहुण्याचं म्हणणं. बायकोने मला चार दिवस ऐकवलं; त्याला एक शब्द नाही.

सत्तावन्न साली तो पुण्याहून मानसशास्त्रात एम. ए. होऊन आला आणि घरात पेच पडला. सासऱ्यांचं म्हणणं, अमरावतीला बी. टी. करावं, मास्तरकी धरावी. त्याला जायचं होतं बंगळूरला. तिथे मनोरुग्णांच्या इस्पितळात राहून शिकायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता. गावात बातमी वेगळीच पोचली: पोरगा शिकून शिकून बिघडला, त्याला वेड्यांच्या दवाखान्यात नेताहेत. एक म्हातारी अंगारा घेऊन आली. तिचंही त्याने तासभर ऐकून घेतलं. पण ठरत आलेली सोयरीक मोडली, तेव्हा सासऱ्यांनी मला बोलावलं.

"एवढं शिकवलं, अन् चालला येड्याइच्या दवाखान्यात. पोरगी कोन देईन त्याले? तुमी हिशोबी मानूस, जवाईबुवा. मांडून दाखवा त्याले."

मी मांडलं. कागदाला दोन रकाने पाडले. अमरावतीला एक वर्ष, पुढे ठरलेला पगार. बंगळूरला दोन वर्षं, भाषा परकी, आणि पुढे नोकरी कुठे, ही जागा कोरी. प्रत्येक ओळीत अमरावती सरस. वाचून दाखवलं आणि थांबलो. मेहुणा माझ्याकडे बघत बसला. तो काय मोजतोय ते मला ठाऊक होतं, तरी मी बोललोच.

"आमच्या आईला शेवटची दोन वर्षं मागच्या खोलीत ठेवलं होतं. बाहेरून कडी मीच लावायचो. दुसरं काय करावं, हे विचारायला कोणी माणूसच नव्हता."

दारात बायको उभी होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आई तापाने गेली, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

सासऱ्यांनी कागद माझ्या हातून घेतला, त्याची घडी घातली आणि मुलाला विचारलं, "कधी जा लागते?"

वाशीम स्टेशनावर त्याला पोचवायला सासरे आणि मी गेलो. सासरे गाडी सुटेपर्यंत पाण्याच्या सुरईचं झाकण घट्ट आहे ना, तेच बघत होते. परतीच्या मोटारीत ते म्हणाले, "तुमची माय तुमाले ओळखे काय, त्या दिवसाइत?"

"आठवड्यातून एखाद्या दिवशी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कंडक्टर आला तेव्हा मी खिशात हात घातला, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि दोघांच्या तिकिटाचा सव्वा रुपया त्याला स्वतःच दिला.