मागच्या दारचं गवत

मे महिन्याच्या अखेरीस अनिकेतचा फोन आला तेव्हा मी सिडनीत, ब्लॅकटाउनच्या ऑफिसात चहा करत होतो. अनिकेत म्हणजे सुधामावशींचा मुलगा, ब्रिस्बेनला असतो. तो मेसेज पाठवतो, फोन कधी करत नाही. म्हणून नाव बघूनच मी कप खाली ठेवला. "दादा, मम्मी गेली... सकाळी. हार्ट," एवढंच तो म्हणाला. मी "हो, हो" म्हणत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो त्यांच्या मागच्या दारच्या गवताचा. ते पेरायचं राहून गेलं होतं, आणि ते पेरण्याचं काम माझं होतं.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मूळच्या पुण्याच्या, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, कॅनबेरात गुंगालिनला एकट्या राहायच्या. नऊ वर्षांपूर्वी मी युनिव्हर्सिटीत शिकायला आलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो. माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे दाराशी गवत वाढलं म्हणजे घरात माणूस नाही, किंवा आहे तो आळशी. म्हणून पहिल्याच शनिवारी, मावशी भाजी आणायला गेल्या असताना, त्यांच्या काही उपयोगी पडावं या भावनेने मी शेडमधलं खुरपं काढलं आणि स्वयंपाकघराच्या दारासमोरचं गवत मुळासकट उपटून टाकलं. जमीन चोपून सपाट केली, वर पाण्याचा सडा घातला आणि ऐटीत उभा राहिलो. मावशी पिशव्या हातात धरून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "संतोष, हे लॉन होतं रे. चार वर्षं वाढवलेलं." खोली गेली, असंच मला वाटलं. त्या मात्र पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अंगण झकास केलंयस पण. आता रांगोळीही तूच काढ."

तो तुकडा नंतर कधी नीट भरला नाही. घराची दक्षिण बाजू, इकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून हिवाळाभर ऊन नाही. दर वर्षी दहिवर गोठून तिथलं कोवळं गवत मरायचं. त्यामुळे गुढीपाडव्याच्या सुमाराला, इकडे शरद ऋतू सुरू झाला की, माती उकरून, बी टाकून, वर चाळलेल्या खताचा पातळ थर देऊन आम्ही दोघं तो पुन्हा पेरायचो. लॉन कसं कापायचं तेही त्यांनीच शिकवलं. "एका वेळी फार कापायचं नाही. न्हाव्याला सांगतोस ना, थोडेच कमी कर म्हणून? तसंच." बोटांना माती लागलेली असतानाच त्या माझे नोकरीचे अर्ज वाचायच्या. "हे 'काइंडली डू द नीडफुल' काढ आधी. आणि एवढा वाकून लिहू नकोस, शिकलायस ना तू?" असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. मला पहिली नोकरी लागली ती त्या पायरीवर लिहिलेल्या अर्जावर. सिडनीला आल्यावरही पेरणीसाठी मी दर वर्षी साडेतीन तास गाडी चालवून जायचो...

यंदा मार्चअखेर त्यांचा फोन आला. "बी आणून ठेवलंय. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तू ये." मी म्हणालो, "नेक्स्ट वीकेंड, मावशी." मग ऑफिसचं काम निघालं, मग मुलीचा शाळेतला कार्यक्रम. नेक्स्ट वीकेंड असं मी तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "नो वरीज. पण जमीन गार झाली की बी रुजत नाही हं." त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही... ओशाळं वाटत होतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि मागचं दार उघडलं. सगळं लॉन गोठलेल्या दहिवराने पांढरं झालेलं. आमचा तुकडा उघडाच असणार हे मी धरून चाललो होतो. पण पायरीला लागून कोवळं, विरळ गवत उगवलं होतं, अर्ध्या चंद्रासारखं, आणि त्याच्या पुढे नुसती माती. पायरीच्या कडेला बियांची उघडी पिशवी होती, आत स्टीलची वाटी. पिशवी अर्ध्याहून जास्त भरलेली.

अनिकेत मागे येऊन उभा राहिला. "दादा, स्प्रिंगमध्ये घर सेल करतोय. एजंट म्हणतो, इथे पेव्हर्सच्या फरश्या टाका."

"सप्टेंबरात मी येतो. पेरून देतो."

"यू डोन्ट हॅव टू."

"तुझ्या आईने बाकीचं बी माझ्यासाठी ठेवलंय, अनिकेत."

तो आत गेला. मी पायरीवर बसलो. त्या इथेच बसल्या असणार, वाकता येत नव्हतं म्हणून, आणि हात पोचेल तिथपर्यंत बी टाकलं असणार. मी हात लांब केला. त्या हिरव्या कडेच्या वीतभर पुढे, मातीवर गेला. मावशी उंचीने लहान होत्या.