वन्सं आणि दंडाचा पट्टा

वैशू, आधी तो मोबाइल पालथा घाल आणि इथं माझ्याजवळ बस. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, वाचताना जवळ बसता येतं. आत्याचा फोन आला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस आणि त्याच वेळेला मला फोन करून भरल्या वांग्याचं वाटण विचारतेस, हे काही बरं नव्हे. मोठ्या माणसाला असं टाळू नये. म्हणून आज तुझ्या आत्याचंच सांगत बसणार आहे. ज्यांना ती माहीत नाही त्यांनीही बसावं, जागा आहे.

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माणसांच्या दंडांवर आमच्या वन्संएवढी माया दुसऱ्या कुणी केली नसेल. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण, गडमुडशिंगीला दिलेली. बाकीच्या बायका लग्नाला जाताना पर्समध्ये रुमाल, कंगवा, फार तर सुपारीची डबी टाकतात. वन्संच्या वायरच्या पिशवीत बीपीचं मशीन असायचं, जादाचे सेल असायचे, आणि मशीनला धक्का लागू नये म्हणून त्याला नातवाचं जुनं टोपरं घातलेलं असायचं. मांडवात शिरल्या की त्या आधी नवरा-नवरी बघत नसत. आमच्या घराण्यातले पुरुष कुठं बसलेत ते बघत.

याला कारण होतं. माझे सासरे अंगावर सूज येऊन गेले, तेव्हा लोक करणी म्हणाले, कुणी वाडीला दत्ताकडं जाऊन या म्हणाले, आम्ही जाऊनही आलो. मग तुझ्या बाबांचं दुखणं निघालं, तेव्हा कुठं कळलं की दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात आणि हे रक्तातून उतरतं. आईला किंवा बापाला असलं की प्रत्येक लेकराला निम्मी-निम्मी शक्यता, छापा का काटा. आधी बीपी गुपचूप वाढतं, माणूस मात्र धडधाकट दिसतो. बाबांचं कळलं ते थेट डायलिसिसलाच. ते गेले, त्यांचे दिवस झाले आणि वन्संनी मशीन घेतलं.

तेव्हापासून आमच्या घरातल्या पुरुषांची सुटका नव्हती. पट्टा बांधायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, ही त्यांची अट. आता कोल्हापूरचा गडी, त्यात आमच्या घरातला, तो पाच मिनिटं गप्प? पण वन्संपुढं बसायचे. जरा तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, “गप बस. बोललास की आकडा चढतोय.” पंगतीत पानावर वरनं मीठ कुणी घेतलं तर हात धरायच्या. रविवारी तांबडा रस्सा त्यांच्या देखरेखीखाली झाला की माझे धाकटे दीर म्हणायचे, “ताई, ह्यो रस्सा हाय का बकऱ्याच्या आंघोळीचं पाणी?” त्यावर वन्सं शांतपणे आणखी एक वाटी वाढायच्या. औषधाच्या दुकानात कुणी अंगदुखीची गोळी मागितली, तर तो पाव्हणा ओळखीचा असो-नसो, त्याला विचारायच्या, “रोज खातासा व्हय? मूत्रपिंडं काय भाड्यानं आणल्यात?” दुकानदार त्यांना बघून अर्धं शटर ओढायचा म्हणतात, पण ते दिरांनी सांगितलेलं आहे, तेव्हा निम्मंच खरं धरा.

मलकापूरला दिरांच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. नवरा मुंडावळ्या बांधून बोहल्याकडं निघालेला आणि वन्संनी त्याला खुर्चीत बसवून पट्टा चढवला. आकडा थोडा जास्त आला. तो काकुळतीनं म्हणाला, “आत्या, लगीन हाय माझं. चढणारच की.”

“मग परत लावतो. गप बस.”

भटजी घड्याळ दाखवत आले. “आवो भटजी, मुहूर्त काय यष्टी हाय व्हय सुटायला?” वन्सं म्हणाल्या. “आणि तुमी बी बसा, तुमचं बी बघतो.” भटजी त्यानंतर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दिसले. दुसऱ्यांदा आकडा बरा आला तेव्हा वन्संनी पट्टा काढला आणि म्हणाल्या, “जा आता, कर लगीन.”

त्याच मांडवात तू बांगड्या मागं सारून हात पुढं केला होतास. वन्संनी तो बाजूला केला. “तू सरक गं. तुझं कूळ बदललं, देव बदलला. आमच्या घरातलं आता तुझ्याकडं काय राहिलंय?” आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दिलेली लेक माहेरचं सुतकसुद्धा पुरतं धरत नाही, तीन दिवसांत मोकळी होते. मग माहेरचा आजार तेवढा तिला कसा धरेल, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. तपासायचे ते पुरुष. स्वतः वन्सं तर चाळीस-पन्नास वर्षांमागंच दिलेल्या, त्यामुळं त्यांच्या दंडाला पट्टा लागायचा प्रश्नच नव्हता.

पुढं एका बारशाला लोणचं काढून घेतलं म्हणून दीर चिडले. “ताई, तुझं मशीनच बिघडलंय. सगळ्यास्नी जास्तच दावतंय.” मशीन खरं आहे हे दाखवायला वन्संनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा आला तो दिरांच्याही वर. वन्सं म्हणाल्या, “व्हय की, बिघडलंय.” दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदारानं स्वतःला लावून बघितलं, त्याचा आकडा ठीक. वन्संनी भांडून मशीन बदलून घेतलं. नवं मशीन त्याहून वाईट निघालं. मग शेजारणीचं आणलं, तेही बिघडलेलं. मशीनं बनवणारे सगळे चोर, असं ठरवून त्या जेवायला बसल्या, तेव्हा त्यांच्या सुनेनं ताट झाकलं आणि त्यांना सोनोग्राफीला नेलं. मीही सोबत होते.

डॉक्टरीण तुझ्याहून लहान. तिनं पडद्यावर दोन्ही बाजूंच्या गाठी दाखवल्या, द्राक्षाच्या घडासारख्या. वन्सं म्हणाल्या, “असं कसं बाई? माझं तर लगीन झालंय.”

“लग्नाचा काय संबंध, आजी?”

“कूळ बदललं की. नाव बदललं.”

“नाव रेशनकार्डावर बदललं,” ती म्हणाली. “रक्त वडिलांचंच आहे. मुलगा असो, मुलगी असो, याला फरक पडत नाही.”

रिक्षात बसल्यावर वन्संनी रिपोर्ट वायरच्या पिशवीत टाकला. स्वतःच्या गाठींचं त्यांना फारसं वाटलं नसावं. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “वयनी, पोरींस्नी मी हाकलून लावलं की ओ.”

मग सुरू झाल्या त्या वाऱ्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन वन्सं यष्टीनं घराण्यातल्या एकेका दिलेल्या लेकीच्या दारात. आधी ओटी भरायची, मग पट्टा बांधायचा, मग सोनोग्राफीची तारीख ठरवूनच उठायचं. एका विहीणबाईंनी फटकारलं, “आमच्या सुनेला कसला रोग लावताय?” वन्सं म्हणाल्या, “मी लावत न्हाय, बाई. लावायचा त्यो आमच्या बापानं लावलाय. मी नुसतं बघाय आलोय.” त्या सुनेच्या गाठी निघाल्या. आता गोळी सुरू आहे, बीपी ताब्यात आहे, शेतात जाते, भांडतेही पूर्वीसारखी. बाकीच्या दोघी सुटल्या, आणि त्या सुटल्या म्हणून त्यांची लेकरंही सुटली.

तू राहिलीस. फोनवर तू म्हणालीस, “आई, कळून काय करायचं? मला निघालं तर पोरांकडं बघून जेवण जाईल का मला?” वैशू, मला कळतं ते. पण तुझ्या बाबांना कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि वन्संना कळलं तेव्हा पुष्कळ उरलं होतं. एवढाच काय तो फरक मी या डोळ्यांनी बघितलाय.

वन्संच्या पायावर आता सूज येते. यष्टीचे हादरे सोसत नाहीत, नाहीतर त्या केव्हाच तुझ्या सोसायटीच्या वॉचमनचा दंड धरून वर आल्या असत्या. परवा मी गेले तेव्हा बाहेरच्या सोप्यात बसून होत्या. बोलणं कमी झालंय. मला म्हणाल्या, “भावाची एकुलती लेक. तिला काय न्हाय एवढं ऐकलं की झालं. आणि असलं, तर मी हाय की संगट.”

पोरांना सुट्टी लागायची वाट बघू नकोस. येत्या शनिवारीच निघ, पोरांनाही आण. सोमवारी आपण तिघी दवाखान्यात जाऊ, मी चहाचा थर्मास घेते. जे असेल ते असेल. पण लवकर ये, बाळा.