काशिलिंगमचं हसू

नाव : काशिलिंगम. वय चोपन्न. राहणार वडपळनी, चेन्नई. व्यवसाय : सिनेमात मार खाणे. सदर इसम आजपावेतो दोनशे अकरा वेळा मयत झाला असून त्याविषयी त्याची काहीही तक्रार नाही.

दोनशे बारावं मरण न्हाव्याच्या खुर्चीत आलं. सिनेमा विनोदी मारामारीचा होता. नायक सुपारी घेऊन खून करतो, पण दरवेळी भलत्याच माणसाला उडवतो. तिसरा भलता माणूस काशिलिंगम. अर्ध्या गालाला फेस लावलेला असताना गोळी लागली, मान कलंडली. पहिल्याच टेकला ओके झालं.

"पॅकअप," दिग्दर्शक इनियन म्हणाला. वय अठ्ठावीस.

सगळे उठले. मयत उठेना.

"अण्णा, घरी नाही जायचं?"

"हसायचं राहिलंय, सर."

पडद्यावर मेलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर हसवून मगच सोडायचं, ही इथली जुनी रीत. मरण त्या हसण्यानं पुसलं जातं. अकरा वर्षांपूर्वी एकदा घाईत ते राहून गेलं आणि आठवड्यात काशिलिंगमचा घोटा मोडला. उद्या त्याला दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायची होती. रीतीवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. घोट्यावर तर मुळीच नव्हता.

"अण्णा, या काळात कोण मानतं हे?"

"मुहूर्ताला नारळ फोडलात, दृष्ट काढायला भोपळा फोडलात. ते कोणासाठी?"

"ते निर्मात्यासाठी."

"मग हे माझ्यासाठी समजा."

इनियननं कॅमेरा लावायला सांगितलं. काशिलिंगमनं दात दाखवले.

"हे हसू नाही, अण्णा. दाढ दुखतेय असं वाटतंय."

दुसरा टेक, तिसरा टेक. इनियननं एक विनोद सांगितला, त्यावर त्याचा सहायक तेवढा हसला. मरायला काशिलिंगम केव्हाही तयार असे, पण हसू कुठं ठेवलंय तेच सापडेना. कंबर दुखत होती, फेस वाळून गाल ओढत होता. पाचव्या टेकनंतर तो म्हणाला, "राहू दे, सर." पण खुर्चीतून उठला मात्र नाही.

मेकअपवाला दुरैकण्णू त्याच्याबरोबरच या धंद्यात म्हातारा झालेला. फेस पुसत म्हणाला, "घरी अमुदा वहिनी काय विचारणार?"

"रोजचंच. हसलात का?"

"मग काय सांगशील?"

"सांगेन, मेलो चुटकीसरशी. हसायला पाऊण तास घाम गाळला, पण जमलं नाही."

"ती म्हणेल, लग्नाच्या फोटोतही तुम्हाला जमलं नव्हतं."

काशिलिंगमला तो फोटो आठवला. वाळलेल्या फेसाचा भुगा नाकात गेला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या खोकल्यातून हसू फुटलं. कॅमेरा चालूच होता.

"ओके," इनियन म्हणाला आणि स्वतःच्याही नकळत हात जोडून मोकळा झाला.

घरी अमुदानं दार उघडलं. "हसलात का?"

"हसलो."

"कितव्या टेकला?"

"सहाव्या."

"आणि मेलात?"

"पहिल्या."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि रसम गरम करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सदर इसम दुसऱ्या मजल्यावरून खोक्यांच्या ढिगावर पडून दोनशे तेराव्यांदा मयत झाला. नंतर रीतीप्रमाणे हसला, चार टेकमध्ये. घोटा शाबूत राहिला, आणि परतीच्या बसमध्ये त्याला बसायला जागाही मिळाली.