सुखरामचा हात

बोदलकशाच्या तलावावरून मासे घेऊन सुखराम ढिवर दारात आला की आधी स्वतःच्याच मालाला नावं ठेवायचा. "काकाजी, हा रोहू कालचा आहे, नोका घेऊ. हा घ्या, लहान आहे पण जिवंत." मी चौथी नापास माणूस, कोणाची तारीफ सहसा करत नाही. त्याची करतो.

मधे परगावी कामाला गेला आणि सुईची नशा घेऊन परतला. तेही त्यानंच सांगितलं. मी शिव्या घातल्या तर हसला. "शिव्यानं सुटलं असतं त बायकोनं कवाच सोडवलं असतं."

पुढं सुई टोचायची तिथंच हात सुजला. आत पू, अंगात ताप. मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत बजावलं, "मांगूर माशाचा काटा लागला म्हणून सांग. ढिवराले काटा लागते, कोण विचारते?"

"नाई काकाजी. माझा बाप जडीबुटी द्यायचा. रोग्यानं खोटं सांगितलं त औषधाची मुळी लागत नाई म्हणे. औषध देणाऱ्यापाशी आमच्यात खोटं नाई बोलत."

डॉक्टरनं विचारलं, यानं सुई सांगितली. डॉक्टरनं धरलेला हात सोडला. "पहले नशा छोडो, फिर आना. ऐसे लोगों को हम नहीं रखते."

"साहेब, हात त पाहा!" मी म्हणालो. "नशेचं मंग पाहू."

"बाबा, आप बाहर जाइए."

मी भांडलो, दारात ठाण मांडलं. चौकीदारानं उठवलं. ही मान सरपंचापुढं कधी वाकली नाही, त्या दिवशी मी हात जोडले. उपयोग नाही. एक नर्स बाहेर येऊन हळूच म्हणाली, "असं परत नाही पाठवता येत, बाबाजी. पण माझं कोण ऐकते?"

पायरीवर सुखरामच मला समजावत होता. "चिडून काऊन राहिले, काकाजी? मी खरं सांगितलं ना, आता मुळी लागंल."

"अरे, कोणती मुळी? दिली कोणी?"

मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

परवा खोकल्यासाठी त्याच डॉक्टरपुढं बसावं लागलं. जवळ दुसरा दवाखाना नाही. त्यानं विचारलं, "तंबाखू खाते हो?"

"खातो. मिसरूड फुटायच्या आधीपासून."

तो हसला. "कम करो, बाबाजी." आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांची पुडी खिशात आहे. अजून उघडली नाही.