कोपरा फाटलेलं कार्ड

त्या काळी देवावर माझा विश्वास नव्हता, आणि त्याचा थोडा तोराही होता. धुळ्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक पास झालो होतो, पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज धाडला होता. कुठला कागद कधी जायचा, उत्तर कधी यायचं, सगळं वहीत आखून ठेवलेलं. माय सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे हात जोडी तेव्हा मी गालात हसायचो. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. यंदा जागा मिळाली तर ठीक, नाहीतर वखर धरायचा, असं वडिलांनी बजावलं होतं.

जूनमध्ये एके दुपारी बाजारातून घरी आलो, तर माय ओलेत्यानं ओट्यावर बसून आक्रोश करत होती. 

"मन्हा भाऊ गया रे! कार्ड ऊनं. कोना फाटेल व्हता!"

आमच्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवायची रीत. ते घरात घेत नाहीत, वाचून बाहेरच्या बाहेर फाडून टाकतात. त्या वेळी घरात वाचणारं कुणी नव्हतं. साक्रीकडचा मामा हिवाळ्यात फार आजारी होता, म्हणून मायला दुसरं कुणी सुचलंच नाही. तिनं अंगणातच कार्डाचे तुकडे केले, ओढ्यात सोडले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मी धावत जाऊन पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, "इंग्रजी व्हतं भाऊ, पुण्याना शिक्का व्हता. कोना तं थैलीमाच फाटना."

 जागा मिळाली होती की नाही, कधी हजर व्हायचं होतं, काहीच कळायला मार्ग उरला नव्हता. मायला ओरडून सांगितलं की ते माझं कार्ड होतं. ती ऐकेना. कोपरा फाटलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. वडील पेरणीत अडकलेले, तेव्हा तिला साक्रीला न्यायचं माझ्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत, चार माणसांदेखत, मी तिला म्हणालो, "तुझ्या अडाणीपणानं माझा जन्म फुकट गेला." ती खिडकीबाहेर बघत राहिली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मामाच्या गावी पोचलो तर मामा दारात बसून दोर वळत होता! मायनं किंकाळी फोडली आणि तिथंच कोसळली.  मामाला सगळा प्रकार कळल्यावर तो हसून म्हणाला, "चाला, मन्हं आयुष्य वाढनं!" माय मात्र हसली नाही. आपण काय फाडलं ते तिला तेव्हा उमगलं असावं. जरा सावरताच ती नारळ घेऊन गावदेवीच्या देवळात गेली. मीही मागोमाग गेलो आणि बाहेर पारावर तोंड पाडून बसलो.

पारावर मोटारीची वाट पाहत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. काळी टोपी, हातात छत्री, कचेरीत उमर गेल्यासारखं बोलणं. त्यांनी सहज विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी अर्जातला एकेक रकाना विचारला. जन्मतारखेपाशी मी अडखळलो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख टाकली होती, अर्जात मी मायनं सांगितलेली लिहिली होती. दोन्हींत वर्षाचं अंतर.

"मग जन्माचा पुरावा मागितला असणार. जन्म कुठला तुझा?"

"इथलाच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं मायचं."

"मग नोंद साक्रीच्या कचेरीत असेल. सकाळी नक्कल काढ आणि परस्पर पुणं गाठ. पत्राची वाट पाहू नकोस."

तेवढ्यात मोटार आली आणि ते गेले. मी नावही विचारलं नाही. वर्णन सांगितलं तरी मामालाही ओळख पटली नाही.

शनिवारी पुण्याला कॉलेजच्या खिडकीपाशी उभा राहिलो. कारकुनानं माझे कागद काढले आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "कार्ड मिळालं ना? जन्माचा दाखला आणलाय? आज शेवटचा दिवस."   मी खिशातली नक्कल काढून दिली. नाव दाखल झालं. ज्या चुकीनं कार्ड गेलं तीच मला दाखल्याच्या गावी घेऊन गेली होती, आणि हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

घरी येऊन मायचे पाय धरले, मोटारीतल्या बोलण्याची माफी मागितली. ती एकदम मागं सरली आणि रडू लागली. "पाया नको पडू रे. तू वरडना तव्हय मी मोटारमाच देवीले बोलनू व्हती. मन्हा भाऊ जित्ता दखाड, मंग मन्हा पोऱ्यानं कालेज तू ली ले."

भाऊ जिवंत दाखव आणि बदल्यात पोराचं कॉलेज घे, असं तिनं देवीला सांगितलं होतं.  मग पदरानं डोळे पुसत ती तसबिरीकडे पाहून हळूच म्हणाली, "तिनी कायच लिधं नही." त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी मायच्या शेजारी बसून हात जोडले. मागायचं काहीच सुचलं नाही.