बासष्टावी प्रत

शीतगृहात सगळे त्याला थंडोबा म्हणत. एक तर मासळीच्या खोल्या गोठवणारी यंत्रं तोच सांभाळायचा, आणि दुसरं म्हणजे जगबुडी आली तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल, मग खिडकीतून बघेल, अशी त्याची ख्याती होती. याला कशाचीच भीती वाटत नसणार, असं नव्या हमालांना वाटे. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की याच गृहस्थाच्या घरी दोन भिंती भरून भुतं, पिशाच्चं, शापित किल्ले आणि बोलणारे डोंगर कोंबलेले होते, आणि त्यातलं काही वाचलं की पाणी प्यायला उठतानाही तो बायकोला जागं करायचा!

बरं, नुसती पुस्तकं असती तर एक वेळ ठीक. याला पहिल्या आवृत्त्या लागत. एका राक्षसकथेच्या पहिल्या आवृत्तीत राक्षसाचा डावा हात तुटतो आणि पुढच्याच पानावर तो तोच डावा हात उगारतो. दुसऱ्या आवृत्तीत कुणा शहाण्यानं ती चूक दुरुस्त केली. थंडोबाला चुकीचीच प्रत हवी होती, आणि ती मिळेपर्यंत त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. मिळाली तेव्हा दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. कागदी वेष्टन शाबूत हवं, त्याचा कोपरा कापलेला नको, आत कुणी 'चिरंजीवास सप्रेम' लिहिलेलं नको. सप्रेम लिहिणाऱ्यांचा तर त्याला मनापासून राग होता.

वाचायला तो त्याच पुस्तकाची स्वस्तातली, फाटकी प्रत आणायचा. म्हणजे प्रत्येक पुस्तक दोनदा: एक वाचायचं, एक ठेवायचं.

"एक घरातलं आणि एक पाहुण्यांसमोरचं," बायको म्हणायची, "आणि पाहुणे तर कधी येतच नाहीत."

बायको शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायची. खरी वाचणारी तीच. तिला भीती वगैरे काही वाटत नसे, पुढं काय झालं एवढंच हवं असे. दोघांचा संसार सुखाचा होता, पण त्यात एक खडा होता, आणि तो खडा म्हणजे बासष्टावी प्रत.

हे पुस्तक दीडशेच प्रतींचं निघालं होतं. जाड कागद, कापडी बांधणी, आणि कोपऱ्यांना पितळी पत्रे लावलेली पुठ्ठ्याची पेटी. आतल्या पहिल्या पानावर लेखिकेची सही आणि तिच्याच हातानं शाईनं लिहिलेला आकडा: बासष्ट. त्यानंतर ते पुन्हा कधी छापलंच नाही. म्हणजे वाचायची स्वस्त प्रत नाही, आणि ठेवायची प्रत थंडोबा कुणाला, स्वतःलासुद्धा, उघडू देत नव्हता. वेष्टनावर एवढंच छापलेलं होतं, की एका घरातली एक खोली तीन पिढ्या बंद आहे आणि धाकटी सून ती उघडायचं ठरवते.

"काय असतं हो त्या खोलीत?" बायकोनं सुरुवातीला लाडानं विचारलं. मग चिडून विचारलं. मग म्हणाली, "मी हातमोजे घालते. प्रयोगशाळेत आम्ही आम्लाच्या बाटल्या धरतो, पुस्तक नाही धरता येणार?"

"अगं, पाठीचा कणा मोडतो. एकदा उघडलं की ते उघडलेलं पुस्तक झालं."

"मग पुस्तक कशाला म्हणायचं त्याला? वीट म्हणा."

त्यानंतर तिनं तो विषय सोडला. पण सोडला म्हणजे विसरली असं नव्हे, हे नवऱ्यांना उशिरा कळतं. थंडोबालाही उशिराच कळायचं होतं.

मग कसर लागली. एका सकाळी फळीवर पिठासारखी भुकटी दिसली. एकेक पुस्तक काढून पाहिलं तर पाच-सहा कण्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. अळी आत होती, खात होती, आणि पुढचं पुस्तक तिला हाकेच्या अंतरावर होतं. दुकानदार म्हणाला, "औषध फवारलंत तर कागद जाईल. पिशव्यांत हवाबंद करा आणि पंधरा दिवस गोठवा. बाहेर काढलीत की एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरेल. आणि पेट्याबिट्या काढून ठेवा बरं का, कोपऱ्यांनी पिशवी फाटते."

गोठवायला थंडोबाला कुठं लांब जायचं होतं? पण शीतगृहात खाण्याच्या मालाजवळ परकी वस्तू ठेवायला सक्त मनाई होती. मागे एकानं बागेतली फुलं ठेवली, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? सगळं कळत होतं, तरी वेड ते वेड. त्यानं मासळीचीच रिकामी खोकी आणली, मासळीचीच चिकटपट्टी लावली, आणि सगळा संग्रह तीन नंबरच्या खोलीत मागच्या भिंतीशी, अगदी तळाला रचून टाकला. कुणालाही ओळखू येऊ नयेत अशी खोकी. काम इतकं चोख झालं की चार दिवसांनी ती त्याला स्वतःलाही ओळखता येईनात.

आणि बासष्टावी प्रत? सगळ्या पेट्या काढल्या, तिची मात्र काढवेना. पेटीतून काढताना-घालताना कापड घासतं, कडा झिजते. त्यानं दोन पिशव्या चढवल्या आणि स्वतःची समजूत घातली.

आठवडाभरानं सकाळीच वीज गेली. जनित्र दोनदा खोकून बंद पडलं. दुपारपर्यंत तीन नंबरचा काटा वर सरकायला लागला, तसे व्यवस्थापक साहेब घामाघूम होत आले. "तीनमधला सगळा माल एकमध्ये हलवा. एक नंबर अजून कडक आहे."

मुकादम आणि त्याचे चार हमाल जाड कोट घालून आत शिरले. बर्फाचा थर चढलेली खोकी एकामागून एक बाहेर येऊन मधल्या बोळात रचली जाऊ लागली. बाहेर अंगाला कपडे चिकटतील अशी दमट हवा. थंडोबा दाराशी उभा राहून एकेका खोक्याकडं डोळे फाडून बघत होता.

"मागची, खालची खोकी राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "ती भिंतीशी आहेत, तिथं गार टिकतं."

मुकादम हसला. "का हो थंडोबा? त्यात काय सोनं पुरलंय?"

"सोनं कसलं? आपलं सांगितलं."

"साहेब म्हणाले सगळा माल. मी सगळा काढणार."

एवढ्यात दिवे लागले. वीज आली! थंडोबाचा जीव भांड्यात पडला. आता यंत्र चालू केलं की हलवाहलव थांबेल, खोकी जागच्या जागी राहतील. तो यंत्रखोलीकडं जवळजवळ धावत गेला. जन्मात न धावलेला माणूस धावतोय हे पाहून साहेबांनाही नवल वाटलं असेल. थंडोबानं बटण दाबलं, यंत्र घरघरलं, धरलं. आणि बोळातून कुणीतरी किंचाळलं.

वास आधी आला. डोळ्यांत आणि घशात एकदम सुई घुसावी तसा. गार करणारा वायू, अमोनिया, गळत होता. तीन नंबरच्या दाराबाहेरच्या नळाचा सांधा यंत्राच्या पहिल्याच धक्क्यानं सुटला होता आणि पांढरा धूर नेमका दारावर फुटत होता. मुकादम बाहेर होता. चौघं आत होते.

यंत्र बंद करून थंडोबानं भिंतीवरचा मुखवटा ओढला, पाना घेतला आणि बोळात शिरला. सांध्याच्या अलीकडं झडप होती. ती त्यानं आवळली. धूर कमी झाला, पण थांबेना. झडपेचे आटे झिजलेले होते. पाना सैल केला की फुस्स करून पुन्हा वायू येई. म्हणजे आता इथून हलायचं नाही, पाना दाबून धरायचा आणि आतली माणसं बाहेर येईपर्यंत धरून ठेवायचा.

"पाण्याची नळी!" तो मुखवट्यातून ओरडला. हा वायू पाण्यात विरघळतो. पाण्याचा जाड फवारा मारला की दारातून वाट होते. मुकादमानं नाकाला ओला फडका बांधून नळी ओढत आणली, तोटी हातात घेतली, आणि थबकला.

थंडोबा यंत्रखोलीत गेला तेवढ्यात हमालांनी मागची काही खोकीही काढून बोळातल्या थप्पीवर रचली होती, आणि वायू फुटल्यावर पळताना मुकादमच त्या थप्पीला धडकला होता. वरची खोकी बोळाच्या मधोमध फुटून पडली होती, आणि त्यांतून मासळी नव्हे, पिशव्यांत गुंडाळलेली मुंडकी, कवट्या आणि पंखवाले घोडे बाहेर घरंगळले होते. सगळ्यांत पुढं, फाटलेल्या दोन पिशव्यांमधून पितळी कोपरे बाहेर काढून, बासष्टावी प्रत पडली होती. पेटीतून अर्धी निसटलेली. फवारा मारायचा तर तिच्यावरूनच मारावा लागणार होता.

"थंडोबा, पुस्तकं आहेत ही!" मुकादम ओरडला. "कुणाची आहेत? आधी बाजूला करू का?"

थंडोबानं ते पाहिलं. बाजूला करायला किती वेळ लागणार? सरकवली की झालं. त्याच्या मनात हे आलं, आणि हे मनात आलं याची त्याला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. आत कुणीतरी खोकत होतं. खोकणं हळूहळू बारीक होत चाललं होतं.

"राहू देत!" तो ओरडला. "माझीच आहेत! पाणी मार! मार ना!"

मुकादमानं तोटी पूर्ण उघडली. पाण्याचा लोट पुस्तकांवर आदळून दारात घुसला. पिशव्या भिंतीपर्यंत उडाल्या. बासष्टावी प्रत पेटीतून सुटली, उघडली, गोल फिरली आणि सांडपाण्याच्या चरात जाऊन पालथी पडली. थंडोबा पाना दाबून उभा होता. पहिला हमाल पाण्यातून रांगत बाहेर आला. मग दुसरा. मग दोघं एकमेकांना धरून. चौघंही आले, डोळे लाल, पण धडधाकट. मेकॅनिक पट्टा घेऊन आला आणि त्यानं सांधा बांधला, तेव्हा थंडोबाची बोटं पान्यावरून उलगडता उलगडेनात. ती मुकादमानं एकेक करून सोडवली.

साहेबांनी बोळात येऊन भिजलेल्या खोक्यांकडं पाहिलं, मग थंडोबाकडं. "ही तुझी?"

"हो."

"इथं? मालात?"

"हो साहेब."

साहेब काही बोलणार, तोच मुकादम मध्ये पडला. "साहेब, माझी चार माणसं त्या दारातून बाहेर आलीत. आज दुसरं काही बोलायला मला तरी सुचत नाही."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "संध्याकाळच्या आत हे सगळं इथून हललं पाहिजे," ते म्हणाले. "मी काही पाहिलेलं नाही. आणि पुन्हा मला दिसता कामा नये."

बाकीची पुस्तकं पिशव्यांत सुखरूप होती. चौघं हमाल खोकी घरापर्यंत पोचवून गेले. बासष्टावी प्रत थंडोबानं स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून आणली. बायकोनं दार उघडलं. तिनं आधी त्याचे लाल डोळे पाहिले, मग हातातलं बोचकं. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी तो क्षणभराचा विचारसुद्धा. ती ऐकत राहिली. मग तिनं त्याच्या बोटांना मलम लावलं आणि टेबलावर जुनी चादर पसरली.

पुस्तक दुप्पट फुगलं होतं. कापडाचा रंग पानांत उतरला होता. सहीच्या जागी निळा डाग होता, आणि बासष्टातला दोन तेवढा अंधूक दिसत होता. "आता याला कुणी हात लावणार नाही," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. बायकोचेही डोळे भरले. इतकी वर्षं त्या पुस्तकाचा राग केला होता तिनं, तरी भरले.

"पानं सुटी करून वाळवायला हवीत," ती म्हणाली. तिनं पंखा लावला, प्रयोगशाळेतला चपटा चमचा आणला आणि पहिलं पान अलगद उचललं. त्याच्याखाली टीपकागद सरकवला. दुसरं उचललं. हात काम करत होते, पण डोळे ओळींवर होते. मग ओठ हलायला लागले, आणि मग, त्याच्याकडं चोरून एकदा बघून, ती मोठ्यानं वाचायला लागली.

थंडोबानं खुर्ची जवळ ओढली.

धाकटी सून त्या घरात आली. सासूनं सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, एक सोडून. बंद दाराखालून रोज थोडं थोडं पाणी बाहेर यायचं आणि घरातलं कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. बायको वाचत होती, टीपकागद घालत होती, पुन्हा वाचत होती. थंडोबानं पाय वर घेतले. सुनेनं किल्ली चोरली. जिना चढली. किल्ली कुलपात घातली. आतून कुणीतरी म्हणालं, "उशीर केलास."

बायको थांबली.

"पुढं?" थंडोबा म्हणाला.

"पुढची चार-पाच पानं एकत्र चिकटलीत. आत्ता उचकटली तर फाटतील. उद्यापर्यंत वाळू देऊ या."

थंडोबानं चष्मा काढला. पुसला नाही, तसाच पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"फाटू देत गं," तो म्हणाला. "तू वाच."